न विकलेला मेंढा

सृष्टी फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हाच तिनं ठरवलं होतं, की आज मेंढरांच्या वाडग्याकडं बघायचं नाही. सरळ घरात जायचं, आईच्या हातात सांगलीच्या भडंगाची पुडी द्यायची, जेवायचं आणि झोपायचं. वाडग्यात बादल नसणार होता. तिच्या जर्मन भाषेच्या क्लासपायी तो विकला गेला होता.

बादल म्हणजे माडग्याळी मेंढा. पोपटासारखं बाकदार नाक, लोंबते कान, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. त्याची आई त्याला टाकून मेली तेव्हा सृष्टी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिनंच त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. चांगल्या माडग्याळी मेंढ्याला काय भाव येतो हे जत तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. एका मेंढ्याच्या पैशात लोक चारचाकी दारात आणतात. मागच्या वर्षी तिच्या बापानं, बिराप्पानं, फोनवर सांगितलं होतं, "बादलला इकलं बग. तू क्लास लाव. जर्मनीला जायाचं म्हंतीस तर जा. आता मागं बगू नगं." त्या दिवशी ड्यूटीवर असताना ती औषधांच्या खोलीत जाऊन पोटभर रडली होती. मधे ती एकदाच घरी आली, तेव्हा मेंढरं कृष्णाकाठाला चरायला गेलेली. त्यामुळं बादल नाही हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

आणि तोच बादल, गळ्यातली घुंगरांची माळ वाजवत, वाडग्याचा काटेरी झाप ढकलून धावत आला आणि त्यानं तिच्या पोटात डोकं खुपसलं!

सृष्टीच्या हातातली पुडी खाली पडली. तिनं त्याला मिठी मारली, कान ओढले, नाक चोळलं. मग तिचं लक्ष बापाकडं गेलं. बिराप्पा दारात बसून दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आप्पा, बादल तर हितंच हाय!"

"गिऱ्हाईक मागं फिरलं."

"मग क्लासचं पैसं? परीक्षेचं? कागदं करायला दिलेलं?"

"झालं की कुठनं तरी. आदी जेव तू."

धनगराच्या पोरीला मेंढराच्या बाबतीत फसवता येत नाही. बादल परत आलेला नव्हता, तो कुठं गेलाच नव्हता. आणि ज्या अर्थी बाप खोटं बोलला होता, त्या अर्थी पैसा अशा ठिकाणाहून आला होता, जिथलं नाव तो लेकीसमोर काढू शकत नव्हता. तिला भूकच राहिली नाही.

तेवढ्यात तिचा भाऊ पप्पू घराच्या मागून आला. चौतीस वर्षांचा, उन्हानं करपलेला, कामाला वाघ आणि बोलायला शेळी. आज मात्र त्याचं तोंड फुललेलं होतं. "सुष्टे, ये की. एक गंमत दावतो," म्हणत तो तिला ओढतच मागं घेऊन गेला. तिथं नवीकोरी न्हाणी बांधलेली होती. निळ्या टाईल्स, स्टीलचा नळ, आतून कडी.

"ही कुणासाठी रं दादा?"

"येईल की कोण तरी." तो लाजला. "आत पाय टाकू नगंस. आये पन वापरीत न्हाई. जिची हाय तिनंच पयली आंगुळ करायची."

सृष्टीला हसू आलं आणि गलबलूनही आलं. पप्पूसाठी किती ठिकाणी मुली पाहिल्या याचा हिशेब ठेवणं घरानं कधीच सोडलं होतं. कुणी म्हणायचं, मेंढरामागं जाणारा नको. कुणी म्हणायचं, न्हाणी नाही घरात. एकदा एका मध्यस्थानं परजिल्ह्यातली मुलगी आणली, पैसे घेतले, लग्न लावलं. आठवडाही झाला नाही, ती अंगावरच्या डाग-दागिन्यांसकट पसार झाली. गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून पप्पू बाजारात मान खाली घालूनच फिरायचा. आज तो मोबाइल काढून एक फोटो दाखवत होता. गोल चेहऱ्याची, दोन वेण्या घातलेली, कोवळी पोर.

"सोनम नाव हाय. पलूसच्या धनाजीमामांची पोरगी," तो म्हणाला, आणि मग थबकला. "आप्पानं सांगितलं न्हाई व्हय तुला?"

*

संध्याकाळी बिराप्पाला सांगावंच लागलं. पलूसचे धनाजीराव हे जातीतलं मोठं घर. पाटाच्या पाण्याखालची जमीन, द्राक्षबाग, ऊस. थोरला मुलगा मल्हार पदवीधर, पण नोकरी धरली की सोडायचा, आणि आता त्याच्या डोक्यात एकच होतं, परदेश. स्वतःच्या हिमतीवर जाण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं. नर्स मात्र जर्मनीला हव्या आहेत, आणि तिथं नोकरीला लागलेली नर्स पगाराची चिठ्ठी आणि घराचा करार दाखवून नवऱ्याला बोलावून घेऊ शकते, हे धनाजीरावांनी बरोबर हेरलं होतं. सृष्टीचा क्लास, परीक्षा, कागदपत्रं, विमानाचं तिकीट, सगळा खर्च त्यांचा. तिनं मल्हारशी लग्न करायचं आणि जर्मनीला गेल्यावर वर्षाच्या आत त्याला तिकडं न्यायचं. त्या बदल्यात त्यांची सोनम पप्पूला.

"म्हंजे साटंलोटं," सृष्टी म्हणाली. "सरळ तसं म्हणा की आप्पा."

"हुंडा न्हाई मागितला त्यांनी. एक रुपाया न्हाई. उलटं त्यांनीच घातलं."

आपल्याकडं हुंडा घेत नाही म्हणणारी माणसं वाढली, ही चांगली गोष्ट आहे. मग ती काय घेतात, हे विचारायची मात्र आपल्याला सवय नाही. धनाजीरावांनी खरंच रुपया मागितला नव्हता. त्यांनी एका बाईची सही मागितली होती, आणि ती सही वेळेवर मिळावी म्हणून स्वतःची मुलगी तारण ठेवली होती. सृष्टीनं तिकडून कागद पाठवायला उशीर केला, की इकडं सोनमला माहेरी ओढून न्यायचं. पप्पूनं सोनमला त्रास दिला, की मल्हारनं सृष्टीला द्यायचा. दोन पोरी एकमेकींच्या गळ्यातला फास!

"मी न्हाई म्हणले तर?"

बिराप्पा म्हणाला, "मी भंडारा उचललाय पोरी, लेक देतो म्हणून."

शहरी वाचकाला कदाचित हे कळणार नाही. भंडारा म्हणजे बिरोबाच्या पायाची हळद. ती मुठीत घेऊन धनगरानं शब्द दिला, की तो शब्द देवाच्या घरात जमा झाला. स्टँपपेपरवरचा शब्द फिरतो, भंडाऱ्यावरचा फिरत नाही. फिरवला तर मेंढरं रोगानं झडतात, वंश बुडतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती. बिराप्पाच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली असेल, पण ती अशी झाली, की मागं वळायची वाटच बंद. त्यानं लेकीला विचारण्याआधी देवाला सांगून टाकलं.

*

रंगुबाई चुलीपुढं हुलग्याच्या शेंगोळ्या वळत होती. पीठ तळहातावर लांबवायचं, वेटोळं करायचं, ताटात ठेवायचं. सृष्टी शेजारी येऊन बसली.

"आये, तू का न्हाई आडवलंस?"

"मला कोण इचारतंय?" रंगुबाई म्हणाली. मग तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "तुला दगडाआत्ती आठवती का? न्हाई आठवायची. तू व्हायच्या आदी गेली ती. तुज्या आप्पाची बहीन. ती माज्या भावाला दिली आन मला हितं आनली. आमचं बी साटंलोटंच."

"ते ठावं हाय मला."

"लगीन ठावं हाय तुला. फुडचं न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "माजा भाऊ दारू पिऊन दगडाबाईला मारायचा. सांगावा हिकडं यायचा. मंग हिकडं तुजी आजी मला उपाशी ठिवायची. तुजा आप्पा मारायचा न्हाई, खोटं कशाला बोलू, पर आईला कवा आडवलं बी न्हाई. दगडावन्सं आन मी जत्रंत भेटलो, की पदर सारून एकमेकींच्या अंगावरचं वळ बगायचो. तिला जास्त का मला जास्त. एका वर्साला सासूनं मला पंचमीला म्हायेरला धाडलं न्हाई. म्हणून माज्या भावानं दगडाबाईला बाळंतपणाला हिकडं धाडलं न्हाई. दवाखान्यात बी न्हेलं न्हाई. तितंच गेली बाई, पोरासंगट. माज्या पंचमीपायी."

बाहेर दोर वळण्याचा आवाज थांबला होता. बिराप्पा दाराआड बसून सगळं ऐकत होता. दगडाबाई त्याची पाठची बहीण होती. तिला खांद्यावर घेऊन तो मेंढरामागं हिंडला होता. तो उठला आणि अंधारात वाडग्याकडं निघून गेला.

"तुज्या बापाला समदं ठावं हाय," रंगुबाई म्हणाली. "पर पोरगं म्हातारं व्हाया लागलं की मानसाला कायबी आठवत न्हाई."

*

सांगलीला परत आल्यावर सृष्टीनं स्वतःला समजावून पाहिलं. मल्हार वाईट नसेल. सोनमला आपण जपू. दादाचा संसार तर उभा राहील. माणूस अडकला की स्वतःलाच थापा मारतो, तसं तिचं चाललं होतं.

मल्हारचे मेसेज यायला लागले होते. पहिला मेसेज होता, "पगाराच्या चिठ्ठ्या किती महिन्यांच्या लागतात?" दुसरा, "घर किती मोठं लागतं? एका खोलीवर चालतं का?" तिला काय आवडतं, ती कशी आहे, तिला हे लग्न हवंय का, यातला एकही प्रश्न त्याला पडला नाही. बँकेत कर्जाची चौकशी करणारा माणूससुद्धा आधी नमस्कार करतो हो!

ज्या दिवशी तिच्या भाषेच्या परीक्षेचा निकाल लागला, त्याच दिवशी सोनम हॉस्पिटलमध्ये आली. सृष्टी पास झाली होती, वॉर्डात पेढे वाटत होती. जिन्याजवळ कॉलेजच्या गणवेशातली एक मुलगी दप्तराचे पट्टे घट्ट धरून उभी होती. फोटोतल्या त्याच दोन वेण्या.

"तुमी सृष्टीताई न्हवं? मी सोनम. पलूसची."

सृष्टीनं तिला बाकावर बसवलं आणि हातावर पेढा ठेवला. पोर घाबरलेली होती. तिनं पेढा तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "ताई, तुमचा पेपर कवा हाय?"

"झाला की. आजच निकाल लागला. त्याचाच पेढा हाय हा, खा."

सोनमनं पेढा हळूच कागदावर परत ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"मी तुमाला सांगायला आल्ते, की नापास व्हा," ती म्हणाली. "एकदाच. माजी बारावी हुस्तवर. आण्णा म्हणालं, ती पास झाली की सुपारी, आन सुट्टीत लगीन. मी रोज देवाला म्हणायची, तुमाला पेपर अवघड जाऊ दे. माफ करा ताई."

"वय काय गं तुझं?"

"सतरा. आण्णा सगळ्यास्नी अठरावं लागलंय म्हणून सांगतात."

ही बोली आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. अठरावं लागलंय! म्हणजे अठरा झालेली नाहीत. मुलीचं वय वाढवायला आपल्याकडं कागद लागत नाही, एवढे दोन शब्द पुरतात, आणि ऐकणारे सगळे मुंड्या हलवतात.

"आई काय म्हणती तुझी?"

"आई काय म्हणणार? ती रडती आन भाकरी थापती. ताई, मला पुढं शिकायचंय. तुमचा भाऊ चांगला असंल, मी त्यास्नी नावं ठेवत न्हाई. पर ते माज्या धाकट्या काकाएवढं हाईत."

सृष्टीनं तिला बस-स्टँडवर सोडलं. बस सुटेपर्यंत पोर खिडकीतून तिच्याकडं बघत होती. हॉस्पिटलला परतताना सृष्टीला स्वतःचीच लाज वाटत होती. आपण दादाचा संसार उभा राहील म्हणत होतो, तो हिच्या पाठीवर!

तिनं तिथूनच पप्पूला फोन लावला.

"दादा, ती सतरा वर्साची हाय."

"धनाजीमामा म्हणलं, अठरावं लागलंय."

"म्हंजे किती झाली ते सांग की!"

पलीकडं मेंढरांचा गलका ऐकू येत होता. पप्पू बोलला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. "मला चौतीस झाली, सुष्टे. ती तुला दिसती, मी दिसत न्हाई? मी अजून किती थांबू? लगनात मला कोण वाढाया सुदिक बलवीत न्हाई, पनवती म्हंतात. तुजं काय, तू इमानात बसशील. मी हितंच हाय." आणि त्यानं फोन ठेवला.

त्याचं दुःख खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं लागलं. सृष्टी दोन दिवस नीट जेवली नाही. बापाचा शब्द मोडला तर बाप मरणार, नाही मोडला तर सोनम. तिसऱ्या दिवशी तिनं आईला फोन केला आणि एकच विचारलं, "आये, बाईनं भंडारा उचलला तर देवाला चालतो का?"

रंगुबाईनं थोडा विचार केला. "बिरोबाला काय बाई आन काय बापई," ती म्हणाली. "का गं?"

"काय न्हाई. सुपारीला येते मी."

*

सुपारी बिरोबाच्या देवळापुढं होती. लिंबाखाली घोंगडी अंथरलेली, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पलूसची मंडळी दोन गाड्यांतून आली. धनाजीराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मल्हार काळा चष्मा लावून. धनाजीरावांची बायको मंगल सोनमला कुशीला धरून बसली होती. पोरीला साडी नेसवली होती आणि ती सारखी खांद्यावरून घसरत होती. पप्पूनं नवा सदरा घातला होता. त्यानं सोनमकडं एकदा बघितलं, तिनं दचकून आईच्या पाठीमागं तोंड लपवलं, तेव्हापासून तो जमिनीकडंच बघत होता.

देवळाचे पुजारी दादासो म्हातारे, पण खणखणीत आवाजाचे. त्यांनी नारळ आणि सुपाऱ्या पुढं घेतल्या. "दोन्हीकडनं कबूल हाय न्हवं?"

"कबूल," धनाजीराव म्हणाले. "पोरगी जर्मनीला गेली, की आमचं पोरगं तिच्या मागनं. सरळ हिशेब."

"थांबा," सृष्टी उभी राहिली. "मला बोलायचंय."

कुजबुज सुरू झाली. बिराप्पानं डोळे मिटून घेतले. लेक आता आपला शब्द मोडणार, असंच त्याला वाटलं.

"माज्या आप्पानं भंडारा उचललाय. मी त्यो मोडत न्हाई," सृष्टी म्हणाली. "पर ज्या लगनात मला सही करायची, तितं मला बी शब्द द्यायचाय. भंडारा आणा."

"बाईमानूस भंडारा उचलत न्हाई!" पलूसकडचा एक जण ओरडला.

"कोण म्हणालं?" दादासो म्हणाले. "पाया पडताना देव बायकांचा, आन शबूद द्यायच्या येळंला तुमचा व्हय रं?"

ते उठायच्या आत रंगुबाई उठली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती भरल्या बैठकीत पुरुषांच्या मधून चालत गेली, गाभाऱ्यातून भंडाऱ्याची वाटी घेऊन आली आणि तिनं ती लेकीच्या हातात दिली. सृष्टीनं मूठ भरली.

"बिरोबाची आण घिऊन सांगते. मल्हाररावांशी माजं लगीन झालं, तरी मी त्यास्नी कवाच जर्मनीला बोलावणार न्हाई. त्यांच्या कागदावर माजी सही हुणार न्हाई. आज न्हाई, धा वर्सांनी न्हाई. आता लावा लगीन."

तिनं भंडारा कपाळाला लावला आणि उरलेला देवळाच्या पायरीवर उधळला.

भंडाऱ्यावर बोललेलं माघारी घे म्हणायची छाती तिथं एकाचीही नव्हती, धनाजीरावांचीसुद्धा नव्हती. मल्हारनं चष्मा काढला आणि पहिल्यांदाच सृष्टीच्या तोंडाकडं नीट बघितलं. "आण्णा, मग कशाला?" तो बापाला म्हणाला.

"कशाला म्हंजे?" धनाजीरावांचा तोल गेला. "अरं, वरीसभर हिचा खर्च मी का उचलला? पोरगं जर्मनीला जात नसंल, तर ही नर्स घिऊन काय चाटायचीय मला? आन माजी पोरगी काय ह्या मेंढक्याच्या घरात फुकट घालू?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, की सगळी बैठक आपल्याकडं बघतेय. फुकट! स्वतःच्या पोटच्या पोरीला लावलेला शब्द.

बिराप्पा हळूहळू उठला. "धनाजीराव, पोरगी देतो म्हणून मी भंडारा उचलला. देतोय. ही हुबी हाय. घ्या की. जर्मनी देतो म्हणून मी उचलला न्हवता." मग त्याला रडू फुटलं. "आन न्हेनार नसला तर तुमची लेक बी घिऊन जावा. एक दगडाबाई मी मातीत घातलीया."

"बिराप्पाचा शबूद हाय तितं हाय," दादासोंनी निवाडा दिला. "मागं तुमी फिरलासा."

धनाजीराव काही बोलायच्या आत मंगल सोनमचा हात धरून उठलीसुद्धा होती. तिनं चपला कधी पायात घातल्या हे कुणाला कळलं नाही. जाताना ती सृष्टीजवळ क्षणभर थांबली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण धनाजीरावांनी हाक मारली आणि ती गेली. दोन्ही गाड्या धुरळा उडवत वळल्या.

पप्पू नव्या सदऱ्यातच मेंढरांकडं निघून गेला.

*

पप्पू सृष्टीशी चार दिवस बोलला नाही. मेंढरं आणायची, वाडग्यात घालायची, भाकरी खायची आणि बाहेर घोंगडं टाकून पडायचं. घरात कुणाला काही बोलायची सोय नव्हती. बिराप्पा लेकीला म्हणाला, "तुजं बराबर हाय पोरी. पर त्याचं बी चुकीचं न्हाई." सृष्टीलाही तसंच वाटत होतं. तिनं सोनमला सोडवलं होतं आणि सख्ख्या भावाला उघड्यावर टाकलं होतं. दोन्ही खरं होतं.

मग धनाजीरावांचा माणूस आला. केलेला खर्च परत हवा होता. सृष्टी म्हणाली, जर्मनीला जाऊन पहिल्या पगारापासून फेडते. माणूस म्हणाला, तोवर मालक थांबणार नाहीत, एजंटाकडची कागदं पुरी होऊ देणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुंगरांच्या आवाजानं सृष्टी बाहेर आली. पप्पूनं पिकअप दारात लावली होती आणि बादलला वर चढवत होता. बादलचं अंग धुतलेलं, पाठीवर भंडारा.

"दादा, हे काय करतोस?"

"बाजारला न्हेतोय."

"नको रं! तुझा तेवढाच तर हाय. ह्याच्यावर तुझं सगळं मेंढरांचं खांड उभं ऱ्हायलंय. मी देते की फेडून."

"तवर धनाजीमामाचं मिंधं ऱ्हायाचं व्हय?" त्यानं दोर आवळला. तिच्याकडं न बघताच तो पुढं म्हणाला, "इस्लामपूरकडं आनिक एक नर्स बगितलीया म्हणं त्यांनी. तिचा भाऊ बी माज्यासारकाच, लगनाचा ऱ्हायलेला. नंबर काडला मी त्याचा. काल फोन केल्ता."

"तू? काय म्हणलास?"

"म्हणलं, गड्या, पोरगीचं वय इचार. आन तुज्या बहिनीला बी इचार. मी आन माजा बाप, दोगं बी इचारायचं इसरलो व्हतो." तो थांबला. "सुपारीला ती पोरगी मला बगून दचकली गं सुष्टे. लांडगा बगितल्यावानी. मी काय लांडगा हाय व्हय?"

सृष्टीनं त्याचा हात धरला आणि दोघं बहीणभाऊ पिकअपच्या फाळक्याला टेकून लहान पोरांसारखी रडली. बादल वरून दोघांच्या डोक्यावर फुरफुरत होता. बिराप्पा दारात येऊन उभा राहिला, म्हणाला, "पप्पू, मेंढा ऱ्हाऊ दे. जमिनीचं बगू कायतरी."

पप्पूनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि गाडीत बसला.

"आप्पा, तुमी हिला सांगितलं व्हतं न्हवं, क्लासपायी बादल इकला म्हणून?" तो म्हणाला. "मग खोटं कशाला पडू द्यायचं तुमास्नी?"

गाडी फाट्याकडं वळेपर्यंत घुंगरं ऐकू येत होती.

सृष्टी आता जर्मनीत आहे, तिथल्या एका वृद्धाश्रमात नोकरी करते. सोनम बारावी झाली, पुढचं अजून ठरलेलं नाही. धनाजीरावांचा शोध चालूच आहे. निळ्या टाईल्सची न्हाणी पप्पूनं आईला वापरायला दिली. त्याला अजूनही अधूनमधून स्थळ सांगून येतं. तो पहिल्यांदा मुलीचं वय विचारतो आणि मग म्हणतो, मला तिच्याशी एकटीशी बोलू द्या, ती हो म्हणाली तर पुढं बघू. बहुतेक सोयरिकी तिथंच मोडतात. पाहुणे उठताना म्हणतात, पोरगं चांगलं आहे, पण जरा जास्तच विचारतं.